आवडता नट, त्याच्यावरचा आरोप आणि आपण चाहते

केरळमधल्या एका खटल्याचा निकाल ८ डिसेंबर २०२५ रोजी लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका आघाडीच्या मल्याळम अभिनेत्रीचे कोचीजवळ अपहरण झाले, धावत्या गाडीत तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला आणि त्याचे चित्रीकरणही करण्यात आले. जवळपास नऊ वर्षांनी एर्नाकुलमच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले आणि पुढे त्यांना २० वर्षांची शिक्षा सुनावली. कट रचल्याचा आरोप असलेला लोकप्रिय नट दिलीप याची मात्र निर्दोष मुक्तता झाली. राज्य सरकारने अपिलात जाण्याचे जाहीर केले.

त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाच्या स्टेटसवर चाहत्यांच्या जल्लोषाचा व्हिडिओ झळकला. खाली ओळ होती, ‘शेवटी सत्य जिंकले.’ मुलगा साउथचे हिंदीत डब केलेले सिनेमे आवडीने पाहणारा. खटला काय होता, हे त्याला धड माहीतही नव्हते. पण दुसऱ्या दिवशी आम्ही चालवत असलेल्या किशोरी गटात एका मुलीने विचारले, “ताई, मग त्या बाईवर झालं ते खोटं होतं का?”

खोटे नव्हते. अत्याचार झाला, हे न्यायालयाने मान्य केले आणि सहा जण त्यासाठी तुरुंगात आहेत. एका आरोपीविरुद्ध कटाचा आरोप सिद्ध झाला नाही, इतकाच त्याच्या सुटकेचा अर्थ. कायद्याने तो निर्दोष आहे आणि त्याच्या चाहत्यांना आनंद होणे स्वाभाविक आहे. पण त्या आनंदाच्या एका ओळीत मूळ घटनाच पुसली गेली आणि हजार किलोमीटरवरच्या तेरा वर्षांच्या मुलीपर्यंत ‘बाई खोटं बोलली’ एवढाच निरोप पोहोचला. चाहत्यांची गर्दी हे काम कसे करते, हे समजून घेण्यासाठी हा लेख. पीडितेने २०२२ मध्ये स्वतः पुढे येऊन जाहीरपणे बोलायला सुरुवात केली, तरी आम्ही इथे तिचे नाव लिहीत नाही.

आधी चाहता कोण, ते पाहू. ज्याला एखाद्या नटाचा सिनेमा आवडतो तो प्रेक्षक. चाहत्याचे नाते त्यापुढचे असते. शाळेत नापास झालेला, घरात कुणी किंमत न देणारा, कामावर शिव्या खाणारा तरुण जेव्हा म्हणतो ‘मी अमक्याचा फॅन’, तेव्हा त्याला एक ओळख मिळते, चार मित्र मिळतात, पोस्टर लावण्याचे का होईना एक काम मिळते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही याला सामूहिक अस्मिता म्हणायला शिकलो. वस्तीत काम करताना कळले की पोरांसाठी ती अस्मिता किती जिवाभावाची असते. अशा चाहत्याच्या नायकावर आरोप झाला की तो आरोप त्याला स्वतःवर झाल्यासारखा वाटतो. ‘मी इतकी वर्षे ज्याचे पोस्टर भिंतीवर लावले, तो असा असेल तर मग मी कोण?’ या प्रश्नाला सामोरे जाणे फार जड असते. त्यापेक्षा ‘ती खोटे बोलतेय’ म्हणणे पुष्कळ सोपे.

केरळमध्ये या भावनेला संघटनेचा सांगाडाही आहे. तिथल्या मोठ्या नटांच्या चाहता संघटनांना गावोगावी शाखा आहेत, पदाधिकारी आहेत. पहिल्या दिवसाचे पहाटेचे खेळ त्या भरवतात, कटआउट उभारतात, रक्तदान शिबिरे घेतात, गरिबांना मदत करतात. यातले बरेचसे काम खरोखर चांगले असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ज्या धंद्याचे गणित ठरते, त्या धंद्यासाठी ही बिनपगारी फौज असते, हेही तितकेच खरे. फौज एकदा उभी राहिली की तिला रोज शत्रू लागतो. एरवी तो प्रतिस्पर्धी नटाचा चाहता असतो. आरोप झाला की ती जागा तक्रार करणारी बाई घेते.

दिलीपला जुलै २०१७ मध्ये अटक झाली. ८५ दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, तो जामिनावर बाहेर आला तेव्हा आलुवाच्या तुरुंगाबाहेर चाहत्यांची गर्दी जमली होती, घोषणा चालू होत्या. त्याच्या काही दिवस आधी, २८ सप्टेंबरला, तो आत असतानाच त्याचा ‘रामलीला’ प्रदर्शित झाला होता आणि चांगला चाललाही. इथे एक गोष्ट सांगायला हवी. या गुन्ह्यामागे कट आहे असे सुरुवातीलाच जाहीर सभेत बोलून दाखवणारी अभिनेत्री मंजू वारियर ही दिलीपची पूर्वाश्रमीची पत्नी. पण तिनेही ‘रामलीला’च्या प्रदर्शनाला पाठिंबा दिला होता. सिनेमा ही अनेकांच्या श्रमाची गोष्ट असते, ही तिची भूमिका. म्हणून ‘सिनेमा पाहिला म्हणजे तू अत्याचाराच्या बाजूचा’ असे म्हणण्याच्या घाईत आम्ही नाही. तिकीट काढणे आणि बाईला शिव्या घालणे यात बरेच अंतर आहे. चिंता त्या दुसऱ्या गोष्टीची आहे.

ती दुसरी गोष्ट किती थराला जाते, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिसले. तिरुवनंतपुरमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अभिनेत्री पार्वती तिरुवोत्तू हिने ‘कसबा’ या मामुट्टीच्या सिनेमातल्या एका प्रसंगावर टीका केली. मामुट्टी थोर नट आहे, हे मान्य करूनच ती बोलली. तिचा आक्षेप एवढाच होता की नायकाच्या तोंडी स्त्रीला हीन लेखणारी भाषा आली की ती पाहणाऱ्यांना मुभा मिळते. कुणावर आरोप नव्हता, तक्रार नव्हती. तरी पुढचे कित्येक दिवस तिला बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या येत राहिल्या. तिने पोलिसांत तक्रार दिली, अटकही झाली. त्यानंतर तिच्या ‘माय स्टोरी’ या आगामी चित्रपटाच्या गाण्यावर यूट्यूबवर नापसंतीचा मारा करण्यात आला. त्या सिनेमाची दिग्दर्शिका रोशनी दिनकर हीसुद्धा एक स्त्रीच होती, तिचा तर या वादाशी काही संबंधही नव्हता. मामुट्टीने पुढे सांगितले की आपल्या वतीने बोलायला आपण कुणाला नेमलेले नाही. सांगितले, पण तोपर्यंत नुकसान होऊन गेले होते. नायक गप्प राहतो, फौज आपले काम करते, नायकाचे हात स्वच्छ राहतात. ही व्यवस्था कोणत्याच निर्मात्याने कागदावर आखलेली नसेल, पण ती चालते मात्र अगदी आखल्यासारखी.

या गर्दीत आणखी एक प्रकार दिसतो, आणि तो आम्हाला जास्त फसवा वाटतो. एका नटावर आरोप झाला की त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे चाहते एका रात्रीत स्त्रीवादी होतात. पीडितेच्या बाजूने हॅशटॅग चालवतात, मीम फिरवतात. त्यांच्या लाडक्यावर आरोप होऊ द्या, तेच लोक दुसऱ्या दिवशी पुरावे मागायला लागतात. त्यांच्या हातात ती बाई म्हणजे सोंगटी असते.

आणि एक युक्तिवाद आपल्या मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘एवढे समाजकार्य करणारा माणूस असे करेल का?’ २०१८ मध्ये तनुश्री दत्ताने नाना पाटेकर यांच्यावर २००८ मधल्या एका चित्रीकरणावेळच्या गैरवर्तनाचा आरोप केला, तेव्हा आपल्याकडे नाक्यानाक्यावर हेच वाक्य ऐकू येत होते. पाटेकर यांनी आरोप कायम नाकारला. पोलिसांनी २०१९ मध्ये तक्रारीविरुद्ध अहवाल दिला, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून दखल घेण्यास नकार दिला. म्हणजे खरेखोटेपणाचा निवाडा झालाच नाही, आणि तो आम्ही इथे करणार नाही. आमचे म्हणणे त्या वाक्याबद्दल आहे. दुष्काळग्रस्त शेतकऱ्याला केलेली मदत ही शेतकऱ्याला केलेली मदत असते. चित्रीकरणाच्या जागी एका बाईसोबत काय घडले किंवा घडले नाही, याचा तो पुरावा होऊ शकत नाही, ना या बाजूने ना त्या बाजूने.

केरळमध्ये २०१७ च्या घटनेनंतर अभिनेत्री, तंत्रज्ञ, लेखिका एकत्र आल्या आणि ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ उभी राहिली. त्यांच्या मागणीवरून सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. समितीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल दिला आणि सरकारने तो साडेचार वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला. १९ ऑगस्ट २०२४ रोजी, काही भाग वगळून, तो बाहेर आला. काम देण्याच्या बदल्यात लैंगिक मागणी, रात्री खोलीच्या दारावर थापा, विरोध केला तर कामावर बंदी, आणि समाजमाध्यमांवरचे हल्ले. चित्रीकरणाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसल्यामुळे बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही त्यात आहे. आम्हाला हे वाचताना ऊसतोड कामगार बायांची आठवण झाली, नाका कामगार बायांची आठवण झाली. चकचकाट कितीही असो, मजूर बाईचे हाल तेच.

अहवालानंतर आठवडाभरात राज्य चलचित्र अकादमीचे अध्यक्ष पायउतार झाले, कलाकारांच्या ‘अम्मा’ या संघटनेच्या सरचिटणीसांनी राजीनामा दिला, मग पूर्ण कार्यकारिणीच बरखास्त झाली. हीच ‘अम्मा’ २०१८ मध्ये दिलीपला परत घ्यायला निघाली होती, तेव्हा पीडितेसह चार अभिनेत्रींनी संघटना सोडली होती.

पण अहवालातल्या बहुतेक बायांना नाव नाही. ज्युनिअर आर्टिस्ट, केशभूषा करणाऱ्या, नाचणाऱ्या. नाव गुप्त ठेवणे योग्यच, पण त्यामागची भीती पाहा. २०१७ ची पीडिता स्वतः प्रसिद्ध नायिका होती, तिचेही चाहते होते. मार्च २०२२ मध्ये त्याच तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात तिला मंचावर बोलावले, तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेही सिनेमावेडे लोकच. ज्या बाईला चाहते नाहीत, तिच्यासाठी कोण उभे राहणार?

हा प्रश्न मल्याळम सिनेमाच्या जन्माइतका जुना आहे. पहिल्या मल्याळम चित्रपटाची, ‘विगतकुमारन’ची नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री होती. साधारण शंभर वर्षांपूर्वी तिने पडद्यावर नायर घरातल्या स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटल थिएटरमधल्या प्रेक्षकांना ते सोसले नाही. पडद्यावर दगड आले. तिला गाव सोडून तमिळ प्रदेशात पळून जावे लागले आणि पुन्हा ती कधी सिनेमात दिसली नाही. चाहता संघटना तेव्हा नव्हत्या, पण कोणत्या बाईला पडद्यावर राहू द्यायचे हे ठरवणारी गर्दी होती. विमेन इन सिनेमा कलेक्टिव्हने २०१९ मध्ये आपल्या फिल्म सोसायटीला रोझीचे नाव दिले, ते विचारपूर्वकच.

मग चाहते वेगळे वागू शकतात का? जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे जॉनी किटागावा या माणसाच्या कंपनीने अनेक दशके मुलांचे गायन-नृत्य संघ घडवले. कंपनीत शिकायला येणाऱ्या अल्पवयीन मुलांचे तो लैंगिक शोषण करतो, असे एका साप्ताहिकाने १९९९ मध्येच छापले होते. २००३ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने त्या वृत्तांतील शोषणाच्या भागाला आधार असल्याचे मानले. तरी काही झाले नाही. वाहिन्यांना कलाकार हवे होते, चाहत्यांना गाणी हवी होती. २०१९ मध्ये तो सन्मानाने मेला. मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट आला आणि एप्रिलमध्ये एका माजी गायकाने पत्रकार परिषदेत स्वतःचा अनुभव सांगितला.

या वेळी काही चाहते एकत्र आले. कार्यक्रमात हातात धरून हलवायच्या प्रकाशकांडीला तिथे पेनलाइट म्हणतात, तेच नाव त्यांनी आपल्या गटाला दिले. कंपनीने चौकशी करावी, माफी मागावी, यासाठी त्यांनी १६ हजारांहून अधिक सह्या गोळा करून दिल्या. त्यांनी गाणी ऐकणे सोडले नव्हते. उलट, आमच्या आवडत्या कलाकारांना सुरक्षित ठेवायचे असेल तर हे बोललेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. काही दिवसांत कंपनीच्या अध्यक्षांनी व्हिडिओवरून माफी मागितली, स्वतंत्र चौकशी झाली, शेकडो मुले बळी पडल्याचे समोर आले, जाहिरातदार दूर झाले आणि अखेर कंपनीला आपले नावच बदलावे लागले. हे सारे फक्त चाहत्यांमुळे झाले असा आमचा दावा नाही. पण चाहतेच विचारू लागले, तेव्हा ‘हे आमच्या चाहत्यांना दुखावण्याचे कारस्थान आहे’ असे म्हणायची सोय कंपनीला उरली नाही.

त्याच जपानात दुसरी बाजूही होती. पुढे आलेल्या पीडितांवर पैशासाठी खोटे बोलत असल्याचा आरोप करणारे संदेश धो धो येत होते. त्यांच्यातल्या एकाने २०२३ च्या अखेरीस आयुष्य संपवले.

चाहता असणे वाईट आहे का? बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीला केलेल्या भाषणात यात एक फरक केला होता, तो इथे लागू पडतो. थोर माणसाबद्दल मनापासून कौतुक असणे वेगळे आणि त्याच्या आज्ञेत राहणे वेगळे, असे त्यांनी मांडले होते. पहिल्यात त्यांना गैर काही दिसत नव्हते. दुसरे माणसाची बुद्धी आणि स्वातंत्र्य काढून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. आपण हे भाषण नेत्यांच्या संदर्भात नेहमी आठवतो. पडद्यावरच्या आणि मंचावरच्या माणसांच्या बाबतीत आठवत नाही.

मंचावरच्या म्हणण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या भागातली एक मुलगी गाण्याच्या पार्टीत कोरसला होती. जयंतीच्या दिवसांत रात्र रात्र कार्यक्रम. पार्टीचा प्रमुख गायक वस्तीवस्तीत लोकप्रिय, त्याची गाणी आम्हालाही पाठ. एकदा ती आमच्याकडे येऊन रडली. प्रवासात तो अंगचटीला येतो, नकार दिला की कार्यक्रमातून काढतो. गोष्ट फुटली तेव्हा वस्तीतली पोरे तिच्या भावाला भेटली. “दादा आपला माणूस आहे. बाहेर गेलं तर समाजाची बदनामी होईल. विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.” तिचे खरे का खोटे हे विचारायला एकही जण आला नव्हता.

आणि आम्ही? आम्ही तिला म्हणालो, जयंती होऊ दे, मग बघू. आज हे लिहायला लाज वाटते. कायदा आम्हाला माहीत होता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसे काम करत असतील तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. नोकरीचा कागद नसला तरी चालते. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारदाराची ओळख उघड करायला मनाई आहे. चित्रपटांच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले की निर्मिती करणाऱ्या प्रत्येक युनिटला अंतर्गत समिती नेमावी लागेल. गाण्याच्या पार्टीत असे कुणी विचारतही नाही. आम्ही मे महिन्यात तिच्याकडे परत गेलो, तेव्हा तिने पार्टी सोडली होती आणि तक्रारीचे नाव काढू दिले नाही.

या लेखासाठी आम्ही तिची परवानगी घेतली. ओळख पटेल असे तपशील बदलावेत, एवढीच तिची अट होती. अभ्यासिकेतल्या त्या मुलालाही आम्ही बसवून निकाल समजावून सांगितला. त्याने स्टेटस काढले नाही, तसेही ते रात्री आपोआप जाणारच होते. पण दोन दिवसांनी त्याने विचारले, “मग त्या सहा जणांना किती वर्षं झाली?”

ती मुलगी आता कपड्यांच्या दुकानात काम करते. त्या पार्टीची जुनी गाणी १४ एप्रिलला अजूनही लाउडस्पीकरवर लागतात. कोरसमध्ये डावीकडून दुसरा आवाज तिचा आहे.